भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. भोरप्रमाणेच औंध ही सातारा जहागिरींपैकी एक. भोरचे संस्थानिक पंतसचिवांच्या, तर औंधचे पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील. भवानरावांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. १९०९ साली ते गादीवर आले.

== व्यायामाकडे ==
सूर्यनमस्कार हा त्यांचा पहिला व्यायाम नव्हे. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपीय बलवानाची पुस्तके व साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रेरणेने १९०८ च्या सुमारास ते नमस्कारांकडे वळले आणि मग ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. साधनांचा खर्च नाही, जागा अंगापुरती, जोडीदाराची गरज नाही. गरीब शेतकऱ्याच्या घरातही चालेल असा हा व्यायाम आहे, हे त्यांच्या आग्रहामागचे मुख्य कारण होते.

== शिकवण्याची पद्धत ==
केवळ पुस्तक वाचून शरीराची ठेवण समजत नाही, हे चित्रकार असलेल्या या राजाने नेमके ओळखले होते. त्यांनी मराठी व इंग्रजीत पुस्तके लिहिली, त्यांत प्रत्येक स्थितीची छायाचित्रे दिली, गावोगाव व्याख्याने व प्रात्यक्षिके केली आणि सूर्यनमस्कारांचा मूकपटही तयार करवला. स्थिर चित्रात एका स्थितीतून दुसरीत कसे जावे हे दिसत नाही; ती उणीव चलच्चित्राने भरून निघाली. स्वतः राजा, राणी व राजपुत्र नमस्कार घालताना दिसत, हाही प्रचाराचाच भाग होता.

त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत. आज रूढ असलेल्या बारा स्थितींशी त्यांची गल्लत होऊ नये. एकदा टेकलेले तळहात उठेपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. श्वास नाकाने घ्यायचा, तोंड मिटलेले ठेवायचे. प्रत्येक नमस्कारापूर्वी बीजमंत्र व सूर्याचे नाव म्हणायचे. मंत्रोच्चारामुळे दोन नमस्कारांमध्ये आपोआप विसावा मिळतो आणि घाई होत नाही. थोड्या नमस्कारांनी सुरुवात करून संख्या हळूहळू वाढवावी, वयाप्रमाणे ती कमीजास्त असावी, यावर त्यांचा भर होता. मात्र नमस्कार हे बहुतेक रोगांवरचे औषध आहे, हा त्यांचा दावा वैद्यकाच्या कसोटीवर उतरणारा नाही.

== शाळांतील सक्ती ==
संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. हेतू चांगला असला तरी आवड आणि आज्ञा यांतला फरक विद्यार्थ्यांना कळतोच. राजवाड्यातील शिस्त खेड्यातल्या शाळेत पोहोचली ती हुकमाच्या रूपाने, आणि प्रत्येक मुलाच्या प्रकृतीकडे पाहणारा जाणता शिक्षक प्रत्येक शाळेत असणे अवघडच होते.

== परदेशात ==
१९३६ साली ते इंग्लंडला गेले. तेथील पत्रकार लुइझ मॉर्गन यांनी या व्यायामाविषयी वृत्तपत्रात लिहिले व पुढे त्यांच्या पुस्तकाचे संपादन केले. ते १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. मराठी मुलांच्या अंगवळणी पडलेले नमस्कार अशा रीतीने इंग्रजी वाचकांच्या घरात पोहोचले.

== इतर कार्य ==
१९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी साहाय्य केले. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. भोरही त्याच वर्षी. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत यांनीही पुढे सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले.