जव्हेरी श्रीमद् राजचंद्र

सौराष्ट्रातील मोरबीजवळच्या ववाणिया गावी इ. स. १८६७ च्या कार्तिकी पौर्णिमेस श्रीमद् राजचंद्र यांचा जन्म झाला. मुंबईत १८८७ साली त्यांनी केलेले शतावधान सर्वश्रुत आहे; पुढे असे जाहीर प्रयोग त्यांनी स्वेच्छेने सोडले. नडियाद येथे १८९६ मध्ये रचलेले १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धि शास्त्र’ आजही भक्तिभावाने वाचले जाते. पेढीवरचे श्रीमद् मात्र त्या मानाने कमी सांगितले जातात.

विवाहानंतर ते रेवाशंकर जगजीवन जव्हेरी यांच्या भागीदारीत मुंबईत हिरे-मोत्यांच्या व्यापारात पडले. त्या काळी इराणी आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत. मोत्याचे पाणी, गोलाई, वजन यांवर भाव ठरे आणि ज्याची नजर कच्ची तो बुडे. कायदा नव्हता असे नाही. १८८९ च्या कायद्याने मालाचे, तो कशाचा बनला आहे याचेही, खोटे व्यापारी वर्णन गुन्हा ठरविले होते. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार नुसते मौन ही सामान्यतः फसवणूक नव्हे, आणि किमतीचा अंदाज चुकला एवढ्यावरून करार मोडत नाही. व्यापाऱ्याला एवढी पळवाट पुरेशी असते!

एका अरब व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने थोरल्यास न विचारता भारी मोत्यांचे पुडके श्रीमदांना विकले, अशी हकिगत परंपरेने सांगितली जाते. विशिष्ट भावाखाली तो माल विकू नये, अशी मालकाची ताकीद होती. थोरला संतापला, धाकटा रडवेला होऊन पेढीवर आला. सौदा पक्का होता, नफा मोठा होता. श्रीमदांनी पुडके जसेच्या तसे परत केले व दिलेली रक्कम तेवढी मागून घेतली. दुसऱ्या एका प्रसंगी भाव अचानक चढल्याने समोरचा व्यापारी देशोधडीला लागणार असे दिसताच, त्यांनी स्वतः त्याच्या पेढीवर जाऊन करारपत्र फाडून टाकले, असेही सांगतात.

आज सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दागिना नैसर्गिक रत्नाचा की कृत्रिम, हे बिलावर स्पष्ट लिहिण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. श्रीमदांनी परत केलेले मोती मात्र अस्सलच होते आणि ते परत मागण्याचा कायदेशीर हक्क बहुधा कोणास नव्हता.

जुलै १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टर गांधींची त्यांच्याशी डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी भेट झाली. लाखोंची उलाढाल करणारा हा जव्हेरी सौदा संपताच धर्मग्रंथ किंवा आपली रोजनिशी उघडतो, हे गांधीजींनी जवळून पाहिले. आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी मन व्याकुळ झाले तेव्हा, १८९४ साली, त्यांनी २७ प्रश्न लिहून पाठविले ते श्रीमदांनाच.

पुढे व्यापारातून निवृत्त होऊन श्रीमद् एकांतसाधनेकडे वळले. प्रकृती ढासळत गेली आणि ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.