भिंतीवरचा चित्रकार : कार्लोस अल्माराझ

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आमच्या वाचकांना ठाऊक आहे. चिकानोंचा लढा मात्र आपल्याकडे फारसा पोहोचलाच नाही. १८४८ च्या तहाने अमेरिकेने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख घशात घातला. त्या मुलखात आधीपासून राहणारी आणि पुढे पोटासाठी सीमा ओलांडून आलेली मेक्सिकन वंशाची माणसे मळ्यांत, कारखान्यांत राबत राहिली. त्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा चिकानो हा शब्द १९६० च्या दशकात त्यांच्याच तरुणांनी अभिमानाने धारण केला. या तरुणांनी लॉस एंजेलिस शहराच्या भिंती बोलक्या केल्या. कार्लोस अल्माराझ त्यांच्यापैकीच एक.

त्याचा जन्म १९४१ चा, मेक्सिको सिटीतला. कुटुंब आधी शिकागोला आणि मग पूर्व लॉस एंजेलिसच्या कष्टकरी वस्तीत आले. नाव कमवायला तो न्यूयॉर्कला गेला. तिथल्या कलादालनांनी त्याची दखल घेतली नाही. परतल्यावर १९७१ मध्ये आजाराने तो मरणाच्या दारातून माघारी आला. त्यानंतर त्याचा कुंचला सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेच्या कामी लागला. १९७३ मध्ये फ्रेझ्नो येथे झालेल्या संघटनेच्या अधिवेशनासाठी त्याने भव्य चित्र रंगवले. १९७४ मध्ये गॅलो कंपनीच्या मद्यावरील बहिष्काराचे आवाहन त्याने थेट वस्तीतल्या भिंतीवर केले. निरक्षर मजुरालाही वाचता येईल असे हे पत्रक!

त्या काळी शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयात चिकानोंना जागा नव्हती. चिकानो टोळ्यांत जातात, कला निर्माण करीत नाहीत, अशी मुक्ताफळे तिथल्या एका अधिकाऱ्याने उधळल्याचे सांगतात. त्यावर १९७२ मध्ये आस्को या गटाच्या तरुणांनी संग्रहालयाच्या दारावरच रंगाच्या फवाऱ्याने आपली नावे लिहिली. ती तातडीने पुसण्यात आली. पण दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, त्याच संग्रहालयाला अल्माराझ, फ्रँक रोमेरो, गिल्बर्ट लुहान आणि बेटो दे ला रोचा या चौघांचे प्रदर्शन भरवावे लागले. लॉस फोर हे त्यांच्या गटाचे नाव. एका मोठ्या संग्रहालयात चिकानो कलेचे प्रदर्शन भरण्याची ती पहिलीच वेळ. १९७६ मध्ये रॅमोना गार्डन्स या सरकारी घरांच्या वसाहतीत त्याने तिथल्याच पोरांना हाताशी धरून मेक्सिकन क्रांतीतील लढाऊ स्त्री, आदेलिता, रंगवली.

आणि मग हाच माणूस भिंती सोडून कॅनव्हासकडे वळला. इको पार्कचे तळे, ताडाची झाडे, महामार्गावर धडकून पेटलेल्या मोटारी. चित्रे विकली जाऊ लागली. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी नामवंत चित्रकारांकडून भित्तिचित्रके करवून घेतली गेली, त्यांत त्याचेही एक होते. काही जुन्या सोबत्यांना ही फारकत वाटली. चळवळीच्या लेकराने फक्त मूठ आवळलेला हातच काढायचा, असा दंडक कोणी घालून दिला? तळ्यावरची संध्याकाळ काय फक्त गोऱ्यांची? शिवाय त्या पेटत्या मोटारी आम्हाला निरुपद्रवी वाटत नाहीत. पूर्व लॉस एंजेलिसमधील गरिबांची घरे पाडूनच ते महामार्ग गेले होते.

तरीही सोबत्यांची तक्रार अगदीच फेटाळून लावता येत नाही. भिंतीवर अख्ख्या वस्तीचा ताबा असतो, कॅनव्हासवर धनिकाचा. इको पार्कचे त्याचे १९८२ चे चार भागांतले चित्र वेगवेगळ्या मालकांच्या घरी विखुरले गेले. तो स्वतः ११ डिसेंबर १९८९ रोजी एड्सने गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ते चार तुकडे पुन्हा शेजारी शेजारी लागायला २०१७ साल उजाडले. ते लागले त्याच संग्रहालयात, आणि या वेळी प्रदर्शन एकट्या अल्माराझचे होते.