कारच्या पत्र्यासाठी काढलेली रेघ आज तुमच्या स्क्रीनवर आहे, ती शोधणाऱ्या पिएर बेझिए यांची गोष्ट

कोड लिहून विंडोमध्ये चौकोन काढणं सोपं. चार आकडे दिले की झालं. वर्तुळाचंही तसंच. पण पिंपळपानाच्या आकाराचं बटण काढायचं म्हटलं की गाडी अडते. मग शोधाशोध सुरू होते आणि एक नाव समोर येतं, बेझिए. विंडोजमध्ये पॉलीबेझिए, ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये बेझिए-कर्व्ह-टू. हे कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव नाही. कार कारखान्यातल्या एका इंजिनियरचं आडनाव आहे.

पिएर बेझिए यांचा जन्म 1 सप्टेंबर 1910 चा, पॅरिसचा. वडील आणि आजोबा दोघेही इंजिनियर. बेझिएंनी आधी मेकॅनिकलची, मग इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि 1933 मध्ये रेनॉमध्ये नोकरी धरली. आपल्याकडे रेनॉल्ट म्हणतात तीच कंपनी. तिथे त्यांनी 42 वर्षं काढली. मध्ये दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दिवस काढावे लागले. परत आल्यावर रेनॉच्या गाजलेल्या 4 सीव्ही गाडीचे भाग तयार करणाऱ्या स्वयंचलित मशीन त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या.

आता खरी अडचण बघा. तेव्हा गाडीचं बाह्यरूप ठरायचं हाताने. डिझायनर चित्र काढणार, त्यावरून मातीचं मॉडेल, मग साचे, मग पत्रा दाबायची अवजारं. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपल्या नजरेने रेघ थोडी इकडेतिकडे करणार. शेवटी दरवाजा आणि बॉडी जुळली नाही, तर चूक कुणाची? कागदाची की मॉडेलची? भांडण मिटायचंच नाही, कारण तो बाक नेमका किती, हे आकड्यात कुठेच लिहिलेलं नसायचं.

1960 मध्ये, पन्नाशीला आलेल्या बेझिएंनी यावर काम सुरू केलं. त्यांनी आधी कल्पना केली ती एका खोक्याची. खोक्यात एक बाकदार रेघ बसवायची. खोकं तिरकं केलं, ताणलं, की आतली रेघही तशीच वळणार. पुढे हीच कल्पना सोपी होत चार बिंदूंवर आली. पहिला बिंदू सुरुवातीचा, चौथा शेवटाचा. मधले दोन सहसा रेघेवर नसतातच, ते बाहेर उभे राहून रेघेला आपल्याकडे ओढतात. म्हणजे गणित न येणाऱ्या डिझायनरनेही बिंदू सरकवावा आणि बाक बदललेला बघावा. बेझिएंचं खरं मोठेपण इथे आहे, नुसत्या समीकरणात नाही.

वरिष्ठांना मात्र हे पटेना. एवढं चांगलं असतं तर अमेरिकेने आधीच केलं नसतं का, असा सूर होता! तरी 1968 मध्ये युनिसर्फ ही त्यांची प्रणाली आली आणि 1975 पर्यंत रेनॉमध्ये पूर्णपणे रुळली.

गंमत म्हणजे सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 मध्येच हीच वक्ररेषा गाठली होती. पण सित्रोएनने ती कुलपात ठेवली, बेझिएंचं काम छापून आलं. म्हणून रेघेला नाव बेझिएंचं लागलं. हा कास्तेल्जोंवर थोडा अन्यायच. ती रेघ काढायची सर्वात सुटसुटीत रीत मात्र त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार बिंदूंमधले तीन मध्यबिंदू काढा, त्या तिघांमधले दोन, त्या दोघांमधला एक. हा उरलेला बिंदू रेघेवरचा. मध्याऐवजी वेगवेगळी प्रमाणं घेत गेलं की पुढचे बिंदू मिळतात, आणि ते बारीक सरळ तुकड्यांनी जोडले की डोळ्याला सलग बाक दिसतो.

1984 च्या पोस्टस्क्रिप्टने ही रेघ छपाईत आणली, 1987 च्या इलस्ट्रेटरने चित्रकारांच्या हातात दिली. फॉन्टही तिच्यावरच चालतात. आत्ता वाचताय त्या अक्षरांच्या कडा याच घराण्यातल्या रेघांच्या आहेत. विंडो मोठी केली की कोड फक्त ते मोजके बिंदू सरकवतो आणि रेघ नव्याने काढतो. म्हणून आकार फाटत नाही.

बेझिए 1975 मध्ये निवृत्त झाले. घरी बसले नाहीत. 1977 मध्ये, साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर, त्यांनी पॅरिस विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. 1985 मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्समधला मानाचा कून्स पुरस्कारही मिळाला. 25 नोव्हेंबर 1999 रोजी ते गेले, तोवर त्यांची रेघ जगभरच्या घराघरातल्या कॉम्प्युटरवर पोहोचली होती.