पोलादाला पीळ देणारा अभियंता

रस्त्यावरच्या खड्ड्याचा धक्का आधी चाकाला बसतो, मग स्प्रिंगला आणि त्यातून उरला तर आत बसलेल्या माणसाला. साध्या मोटारीत स्प्रिंगने हा धक्का पचवला की तिचे काम झाले. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र, कितीही वेगाने वळण घेतले तरी चाक रस्त्याला चिकटून राहिले पाहिजे, ही जबाबदारीही तिच्यावर येते. या प्रश्नाला विसाव्या शतकात ज्यांनी वेगळे उत्तर दिले, त्यांत डॉ. फर्डिनांड पोर्शे यांचे नाव अग्रभागी आहे.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. विजेच्या वेडापायी ते व्हिएन्नाला गेले आणि कारखान्यातच शिकले. लोहनर कंपनीसाठी त्यांनी बनवलेली, चाकांतच विजेची मोटर बसवलेली गाडी १९००च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली. पुढे ऑस्ट्रो-डाइम्लर, डाइम्लर आणि श्टायर या कंपन्यांत त्यांनी मोठी पदे भूषवली. परंतु मालकांशी त्यांचे फार काळ पटत नसे. अखेर १९३१ मध्ये, जागतिक मंदी ऐन भरात असताना, त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची आरेखन कचेरी थाटली.

त्याच वर्षी त्यांनी टॉर्शन बार सस्पेन्शनचे पेटंट घेतले. तोपर्यंत बहुतेक मोटारींखाली टांग्याच्या काळापासून चालत आलेल्या पाट्यांच्या स्प्रिंगा असत. पाटे स्वस्त असतात आणि आसाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही करतात. आजही मालमोटारींखाली ते दिसतात. पण ते जड असतात, एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या वजनाचा काही भाग चाकाबरोबर वरखाली नाचत राहतो. चाकाबरोबर हलणारे वजन जितके जास्त, तितके ते चाक खड्ड्यावरून उडाल्यावर रस्त्यावर परतायला उशीर करते.

पोर्शे यांनी स्प्रिंग म्हणून पोलादाचा दांडा योजला. त्याचे एक टोक चौकटीत घट्ट बसवायचे आणि दुसऱ्या टोकाला चाक धरणारा दांडीसारखा हात जोडायचा. चाक वर उचलले गेले की दांड्याला पीळ बसतो आणि पीळ उलगडताना चाक खाली येते. यात घर्षण अत्यल्प असते, शिवाय दांड्याचा भार चाकावर नव्हे तर चौकटीवर राहतो. गुंडाळलेली, म्हणजे कॉइल स्प्रिंगही मुळात याच तत्त्वावर चालते; ती दाबली की तिच्या तारेलाही पीळच बसतो. फरक जागेचा आहे. दांड्याला लांबलचक सरळ जागा लागते, तर कॉइल स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीही मावते.

या कल्पनेची खरी कसोटी १९३४ मध्ये लागली. त्या वर्षापासून ग्रां प्री शर्यतींच्या मोटारींचे कोरडे वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा नियम लागू झाला. पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी चालकाच्या पाठीमागे सोळा सिलिंडरांचे इंजिन असलेली मोटार रचली. तिच्या पुढील चाकांना टॉर्शन बार होते. मागे सुरुवातीला आडवी पाट्यांची स्प्रिंग होती, ती बदलून पुढे तिथेही टॉर्शन बार आले. या मोटारीवर बेर्न्ड रोझेमायर १९३६ मध्ये युरोपचा विजेता ठरला.

हीच रचना पोर्शे यांनी सामान्यांच्या फोक्सवॅगनमध्येही वापरली. मात्र ती मोटार हिटलरच्या राजवटीने मागवलेली होती. पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी राजवटीचा राष्ट्रीय पुरस्कारही स्वीकारला. युद्धकाळात त्यांच्या देखरेखीखालील फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकैदी, परदेशांतून धरून आणलेले मजूर आणि छळछावण्यांतील कैदी यांना राबवण्यात आले. राजकारणाशी आपला संबंध नाही, ही त्यांची भूमिका होती. पण कारखाना चालवणाऱ्याला तेथील मजूर कोठून आले हे ठाऊक नव्हते, असे मानता येत नाही. त्यांच्या बुद्धिमत्तेचे कौतुक करताना हा भाग वगळला, तर चरित्र अपुरे राहते.

युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, फ्रेंचांनी त्यांना अटक केली. ते सुमारे वीस महिने कैदेत होते. इटलीतील सिसितालिया कंपनीसाठी मुलगा फेरी याने शर्यतीच्या मोटारीचे आरेखन घेतले आणि त्या मोबदल्यातून त्यांच्या सुटकेची रक्कम उभी राहिली. त्यानंतर ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे फेरीच्या पुढाकाराने जून १९४८ मध्ये पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार, ३५६, रस्त्यावर आली. ११३१ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि अवघे ३५ अश्वबळ! फोक्सवॅगनचे सुटे भाग वापरल्यामुळे तिच्याखालीही टॉर्शन बारच होते. वजन कमी आणि पकड चांगली असल्याने तिने आपली उणीव भरून काढली. आपल्या नावाची मोटार पाहिली तेव्हा पोर्शे ७२ वर्षांचे होते.

३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी त्यांच्या मोटारीने ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला.

१९६३ मध्ये जगापुढे आलेल्या ९११ मोटारीनेही टॉर्शन बारची परंपरा पाव शतक जपली. १९८९च्या आवृत्तीत चारही चाकांना गती देणारी यंत्रणा पुढे नेताना लांब दांड्यांना जागा उरली नाही आणि त्यांच्याऐवजी कॉइल स्प्रिंगा आल्या. दांडा गेला, तरी चाकाबरोबर हलणारे वजन कमी ठेवण्याचा पोर्शे यांचा आग्रह आजच्या स्पोर्ट्स कारच्या आरेखनात कायम आहे.