ताराबाई मोडक : अंगणात भरलेली शाळा



अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो. त्यामागे ताराबाई मोडक आहेत. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळात बाईने पदवी घेणं म्हणजे केवढी गोष्ट! पुढे राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळालं. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, चिमुकल्यांना शिकवायला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला.

पण मॉन्टेसरीची साधनं महाग. खेड्याला कशी परवडणार? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. साधनं तिथेच सापडली : शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली.

पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. मोठ्या मुली भावंडं सांभाळायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. ती विकासवाडी. मुलाला गैरहजर ठरवण्याआधी तो का येत नाही हे त्यांनी पाहिलं, मला हे सगळ्यात मोठं वाटतं. १९६२ ला पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या.

आता आपल्या वर्गात या. तक्त्यावर ‘क कमळाचा’ असतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने कमळ बघितलेलं नाही, पण करंज फाटकाशीच उभा आहे. मग क करंजाचाच ना! डहाणूकडे म मोहाचा लगेच कळेल, तुमच्याकडे कदाचित मक्याचा.

च घ्यायचा असेल तर जमिनीवर खडूने हातभर मोठा च काढा. मुलं त्या रेघेवर चिंचोके मांडतील. घाई करू नका, बोट अक्षरावरून फिरू द्या. मग चिंचेखाली न्या, बारीक पानं हातात द्या. घराजवळ चिंच असेल त्यांना अंधार पडल्यावर पानं मिटतात का ते बघून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात काय गलका होतो बघा!

पालकांनो, घरीही हे जमेल. फक्त धाकटं भावंडं जवळ असेल तर चिंचोके मोजून द्या आणि मोजून परत घ्या. नाकात-तोंडात जायला वेळ लागत नाही.