नक्कल करता करता घडलेला चित्रकार : व्हिन्सेंट व्हॅन गॉग



चित्रकलेच्या तासाला एखादं मूल पुस्तकातलं चित्र बघून तस्संच काढून आणतं. अशा वेळी आपण काय म्हणतो? बघून काढलंस ना, आता स्वतःच्या मनानं काढ. मीही हेच म्हणायचे. चौथीतल्या एका मुलीची वही मी असंच बोलून परत केली आणि नंतर कितीतरी दिवस तिनं चित्रच काढलं नाही. ती गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून आज एका मोठ्या चित्रकाराच्या आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघूया.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म 30 मार्च 1853 रोजी नेदरलँड्समधल्या झुंडर्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. सोळाव्या वर्षी तो चित्रं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला, पण काही वर्षांनी ती नोकरी सुटली. पुढे इंग्लंडमध्ये तो काही काळ शाळेत मदतनीस शिक्षकही होता. म्हणजे आपल्याच बिरादरीतला म्हणा ना! मग बेल्जियममधल्या खाणकामगारांमध्ये त्यानं धर्मप्रचाराचं काम केलं. तिथंही त्याचं जमलं नाही. अखेर 1880 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं. इतक्या उशिरा!

सुरुवात कशी केली, तर नकलेनं. बार्ग नावाच्या चित्रकारानं विद्यार्थ्यांसाठी चित्रांचे नमुने छापले होते. व्हिन्सेंट ते समोर ठेवून पुन्हा पुन्हा काढत बसे. मिले या फ्रेंच चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रंही तो बघून काढत असे.

1886 मध्ये तो पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे राहायला आला. त्या काळी पॅरिसमध्ये जपानी छापील चित्रांचं मोठं वेड होतं. ही चित्रं लाकडी ठशांवरून छापत. चित्रकार कागदावर चित्र काढून देई, कोरणारा कारागीर ते लाकडी फळीवर कोरी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून कागदावर छाप घेई. प्रकाशक धरून चार जणांचे हात एका चित्राला लागत. एकेका चित्राच्या पुष्कळ प्रती निघत, म्हणून ती स्वस्त असत. बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून व्हिन्सेंटनं अशी शेकडो चित्रं घेतली. 1887 मध्ये एका कॅफेत त्यांचं प्रदर्शनही भरवलं.

आणि त्याच वर्षी त्यानं त्यांतली काही चित्रं स्वतःच्या हातानं, तैलरंगात, कॅनव्हासवर उतरवायला घेतली. त्यांतली दोन चित्रं हिरोशिगे या जपानी चित्रकाराची होती. हिरोशिगे 1858 मध्येच वारला होता. एदो म्हणजे आजचं टोकियो. त्या शहराच्या दृश्यांची त्याची मोठी मालिका आहे. तिच्यातली फुललेली प्लमची बाग आणि पुलावर अचानक आलेला पाऊस ही दोन चित्रं व्हिन्सेंटनं निवडली. तिसरं चित्र एइसेन या चित्रकाराच्या, किमोनो घातलेल्या स्त्रीचं. ते त्याला एका फ्रेंच मासिकाच्या मुखपृष्ठावर मिळालं होतं.

आता त्याची पद्धत बघा. त्यानं चित्रावर पातळ कागद ठेवून रेषा गिरवल्या, चौकोन पाडले आणि त्या चौकोनांच्या आधारानं चित्र मोठं केलं. आपण शाळेत नकाशा मोठा करायला शिकवतो ना, अगदी तसंच. प्लमच्या बागेचा तो चौकोन पाडलेला कागद ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

पण ही नक्कल आंधळी नव्हती. मूळ चित्रातले शांत, सपाट रंग त्यानं गडद आणि भडक केले. नदीच्या पाण्यात ब्रशचे जाड फटकारे दिसतात. कॅनव्हासच्या कडेला जागा उरली, तिथं त्यानं दुसऱ्या छापील चित्रांवर दिसलेली जपानी अक्षरं रंगवली. त्या स्त्रीभोवती बांबू, बगळे आणि बेडूक असलेलं तळं स्वतः रचलं. हात हिरोशिगेच्या रेषेवरून फिरत होता, पण रंग निवडताना डोळा व्हिन्सेंटचाच होता.

1888 मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेला. जपान त्यानं कधीच पाहिला नाही, पण तिथल्या उजेडात त्याला तो दिसला. आता समोर जपानी चित्र ठेवायची गरज उरली नव्हती. ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, चौकटीबाहेर जाणारी फांदी हे सगळं हातात मुरलं होतं. मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटी आजाराच्या झटक्यात त्यानं स्वतःचा कान कापला. पुढे सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना, 1890 च्या सुरुवातीला थिओला मुलगा झाला. त्या बाळासाठी व्हिन्सेंटनं निळ्या आकाशावर पांढऱ्या फुलांनी बहरलेली बदामाची फांदी रंगवली. ही फांदी कुठल्याच चित्रावरून उतरवलेली नाही, तरी तिच्यात जपान ओळखू येतो.

29 जुलै 1890 रोजी, बंदुकीच्या गोळीच्या जखमेनं, वयाच्या 37 व्या वर्षी तो गेला. हयातीत त्याची फारच थोडी चित्रं विकली गेली. सहा महिन्यांत थिओही वारला. ही सगळी चित्रं थिओच्या पत्नीनं, योहानानं, जपली आणि जगापुढे आणली. बदामाची फांदी ज्याच्यासाठी काढली, त्याच पुतण्यानं मोठेपणी संग्रहालयासाठी पुढाकार घेतला.

पालकहो, मूल बघून चित्र काढत असेल तर लगेच अडवू नका. शेजारी बसा आणि विचारा, यातलं तुला काय आवडलं? तू यात काय बदलशील? त्या मुलीला मी हेच विचारायला हवं होतं. परवा मी तिला प्लमच्या बागेची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तिनं बराच वेळ फरक शोधले, मग हळूच रंगपेटी मागितली.