प्लेगशी झुंजलेले हाफकिन

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. वर्षभराच्या आतच, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगच्या संशयाने खळबळ उडाली. धक्क्यांच्या भीतीने ओस पडलेली घरे, त्यांत राहून गेलेले धान्य, त्यावर पोसलेले उंदीर आणि त्यांच्यात मिसळलेले रानउंदीर, अशी साखळी तज्ज्ञांनी मांडली. याच रोगावर शतकापूर्वी लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांना मात्र ही साखळी ठाऊक नव्हती.

१८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळताच ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांचे काम सुरू झाले. रसावर चक्क तुपाचे थेंब तरंगवून त्याखाली जंतू वाढवायचे आणि ते उष्णतेने मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी याही लसीची पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. त्याच वर्षी पुण्यात सक्तीच्या झडत्यांनी लोक संतापले होते, हे ध्यानात घेता स्वेच्छेचे मोल कळते.

लस माणसाला वाचवीत होती. रोग उंदरांतच नांदत होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा नवा आश्रय शोधतात आणि माणसाला चावतात. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत हे दाखवले, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत त्याची खातरजमा केली.

ही प्रयोगशाळा हाफकिन यांनीच उभारलेली होती, पण तोवर ते तेथे नव्हते. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका परळवर आला. निरपराधित्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. त्यानंतर त्यांना काम मिळाले ते कोलकात्यात. परळ परत मिळाले नाही.

१९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.